बॅकलेस शिवायचंय? आधी खालची पट्टी बघा

तुळशीचं लग्न लागलं की गोव्यात हॉल मिळत नाहीत, टेलर फोन उचलत नाहीत आणि ‘याच्या आत काय घालू?’ हा प्रश्न घरोघरी सुरू होतो. तो येतो बहुधा समारंभाच्या आदल्या दिवशी. ब्लाऊज शिवून आलेला असतो, मागे मोठा गोल गळा, वर लटकनवाली दोरी, आणि मुलगी आरशाकडे पाठ करून, मान वळवून ब्राचा पट्टा कुठे लपवायचा ते बघत असते. मग कुणी मैत्रीण चिकटणारे सिलिकॉनचे कप सुचवते. फोंड्याच्या एखाद्या देवस्थानाच्या हॉलमध्ये, भर दुपारी, पाच-सहाशे माणसांत, शालू नेसून ते कप किती वेळ जागेवर राहतील हे मात्र कुणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या दमट हवेत गोंदावर सगळ्यात शेवटी विसंबायचं. आधी सुई-दोऱ्याकडे जायचं. बॅकलेस कपड्याचा आधार कपड्यातच शिवून घेता येतो, आणि गोव्यात ते करून देणारे हात अजून गल्लोगल्ली आहेत. फक्त त्यांना कापड कापायच्या आधी सांगावं लागतं.

हे असं का, ते कळायला ब्रा नेमकं काम कशी करते ते बघू. नेहमीची, मापात बसणारी ब्रा घाला आणि खांद्यावरचे दोन्ही पट्टे दंडावर उतरवा. छाती फारशी खाली येत नाही. आता पट्टे परत खांद्यावर घेऊन पाठीचा हुक काढा. सगळंच ढिलं पडतं. म्हणजे वजन पेलतो तो बरगड्यांभोवतीचा आडवा पट्टा. खांद्याचे पट्टे कप जागेवर धरून ठेवतात, वजनाचा थोडासाच वाटा उचलतात. स्तनांमध्ये स्नायू नसतो, आत चरबी, ग्रंथी आणि बारीक तंतूंचं जाळं असतं. त्यांना बाहेरून उचलायचं तर कशाला तरी टेकू हवा, आणि सगळ्यात भक्कम टेकू म्हणजे बरगड्यांचा पिंजरा. त्याच्याभोवती घट्ट बसलेलं कडं पूर्ण असेल तोवर कप वर राहतात. बॅकलेस कपडा नेमकं हेच कडं मागे तोडतो. त्यामुळे प्रश्न पट्टा लपवण्याचा नाहीच. तुटलेल्या कड्याचं काम आता कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

गंमत अशी की आधुनिक ब्राच्या सुरुवातीच्या पेटंटपैकी एक याच अडचणीतून आलं. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला पार्टीच्या तलम गाऊनखाली त्या काळचा हाडं घातलेला, छाती-कंबर आवळणारा कॉर्सेट नको होता. तिने दोन हातरुमाल आणि गुलाबी रिबन घेऊन मोलकरणीच्या मदतीने काहीतरी शिवलं. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिला अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं, आणि त्या पेटंटचं नावच होतं ‘बॅकलेस ब्रेसियर’. पुढे तिने ते एका कॉर्सेट कंपनीला १,५०० डॉलरना विकून टाकलं.

आपल्याकडेही उघडी पाठ ही काही आज आलेली फॅशन नाही. गोव्याच्या गावडा-कुणबी बायका लाल चौकड्यांची साडी छातीवरून आवळून नेत आणि खांद्यावर गाठ मारत, आत चोळी नसे. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली, तेव्हा अनेकींनी ती पहिल्यांदा नीट पाहिली. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचं कापडच तिला आवळून धरत होतं. वेगळं काही चिकटवायची गरज नव्हती.

आधी माप, मग खरेदी

टेप छातीच्या लगेच खाली, जमिनीला समांतर धरा. श्वास सोडा आणि इंचात माप घ्या. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून. दोन्हींतला फरक साधारण एक इंच तर ए, दोन तर बी, तीन तर सी, चार तर डी. हे ढोबळ आहे, कंपनीगणिक बदलतं, पण सुरुवातीला पुरतं.

इथे एक बारकावा आहे आणि चिकटणारे कप चुकीचे येतात ते बहुतेक त्यामुळेच. कपचं अक्षर एकटं काही सांगत नाही. ३४ सी, ३६ बी आणि ३२ डी या तिन्हींच्या कपात मावणारा आकार जवळपास सारखा असतो. चिकटणाऱ्या कपांवर मात्र बहुधा नुसतं अक्षर असतं, आकडा नसतो, आणि ते अक्षर मधल्या मापाच्या बाईला, म्हणजे साधारण ३४ ला, धरून ठरवलेलं असतं. नेहमी ३६ सी घालणारीने तिथेही सी मागवला तर कप लहान पडणार, कडेने मांस बाहेर येणार आणि कड सुटायला तिथूनच सुरुवात होणार. तिने डी बघायला हवा.

कपड्याचंही माप घ्यायचं. पाठीचा गळा किती खोल आहे हे सगळ्या बघतात, काखेखालची बाजू कुणीच बघत नाही. मागचा गळा ब्राच्या पट्ट्याच्या वरच थांबत असेल तर साधी खोल पाठीची ब्रा चालते, फार विचार नको. पट्ट्याच्या खाली जातो पण कंबरेच्या वर थांबतो, तर मधले उपाय आहेत. कंबरेपर्यंत उघडी पाठ असेल तर आधार कपड्यातच हवा. काखेखालूनही कापड गायब असेल, बाजूने पाहिल्यावर छातीची कड दिसत असेल, तर चिकटवण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही. असा कपडा मी तरी मे महिन्यात कुणाला सुचवणार नाही.

ब्लाऊज असेल तर

साडीचा बॅकलेस ब्लाऊज हा सगळ्यात सोपा प्रकार आहे, कारण त्याला तळाशी पट्टी असते. मागचा गळा कितीही खोल असला तरी खाली कापडाची एक पट्टी पाठीवरून जाते आणि हुकने बंद होते. हीच तुमची ब्रा. तुटलेलं कडं इथे पुन्हा जुळतं. पण टेलर ही पट्टी शोभेची समजून अर्ध्या इंचाची करतो, वर एखाद-दोन इंच सैलपणा देतो, आणि मग कपात कितीही जाड पॅड घाला, छाती खालीच.

म्हणून माप देताना गळ्याच्या डिझाइनच्या आधी पट्टीबद्दल बोला. रुंदी किमान दीड इंच, छाती भरलेली असेल तर दोन. कापड उभ्या धाग्यात कापलेलं, कारण तिरपं कापलेलं कापड ताणतं आणि दोन तासांत सैल पडतं. आत कॅनव्हास किंवा दुहेरी सुती अस्तर. माप श्वास सोडून घेतलेलं, आणि पट्टी त्याच मापाची, सैलपणा शून्य. जेवणाची काळजी असेल तर हुकांच्या समोर घरांच्या दोन रांगा अर्ध्या इंचाच्या अंतराने लावून घ्या. फोटो काढताना आतली रांग, पंगतीला बसताना बाहेरची. ब्लाऊजची उंचीही बघा. पट्टी छातीच्या घडीच्या खाली, बरगड्यांवर सपाट बसली पाहिजे. आखूड ब्लाऊजात ती छातीवरच चढते आणि मग ती काहीच धरत नाही.

पुढचा भाग चार टक्सचा, म्हणजे चार शिवलेल्या चिमट्यांचा, न करता कटोरी किंवा प्रिन्सेस कट करून घ्या. शिवणच गोलाकार फिरते, त्यामुळे कापडाला कपाचा आकार येतो. पॅड मॅचिंगच्या दुकानात जोडीने मिळतात. ते टेलरच्या टेबलावर नाही, अंगावर लावायचे असतात. ब्लाऊज घालून, पॅड आत सरकवून, जागेवर टाचण्या मारून मग काढायचा. आणि टाके फक्त अस्तराला, वरच्या कापडाला नाही, नाहीतर पैठणीच्या काठावर बाहेरून खळी दिसते. दोन्ही कडांना माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवायला सांगा. लग्नसराईत वजन एका जागी राहत नाही.

वरची दोरी ओढून छाती वर येते असा एक गोड गैरसमज आहे. दोरी खांदे घसरू देत नाही, बस. ती जास्त ओढली तर खांदे मागे जातात, पुढचा गळा ढिला पडतो आणि वाकलं की सगळं दिसतं.

गाऊन असेल तर

ख्रिस्ती लग्नाला जायचं, किंवा आपल्याच घरचं रिसेप्शन लॉनवर आहे आणि मुलीला गाऊन हवा आहे, तर तळाची पट्टी नसते. मग दोन गोष्टी मागायच्या.

पहिली, आतला कंबरपट्टा. गाऊनच्या आत, कंबरेच्या सगळ्यात बारीक जागी, साधारण इंचभर रुंद, न ताणणारी जाड रिबन फक्त बाजूच्या शिवणींना टाचलेली असते आणि मागे वेगळ्या हुकने बंद होते. आधी हा पट्टा लावायचा, मग चेन. गाऊनचं वजन त्यावर येतं, कपडा खाली सरकत नाही. त्या पट्ट्यापासून छातीच्या खालपर्यंत अस्तरात प्लास्टिकच्या बारीक काड्या उभ्या घालतात. आता टेकू बरगड्यांवर नसून कंबरेवर आहे, आणि या काड्या तो वर कपापर्यंत पोचवतात. जुन्या चांगल्या ब्राची तार काढून ती कपाच्या खालच्या कडेला अस्तरात शिवली तर आकार आणखी छान येतो. तारेची टोकं मात्र कापडाच्या दोन-तीन घड्यांत बंद करून घ्या.

दुसरी गोष्ट, स्किन नेट. कातडीच्या रंगाची, थोडी ताण घेणारी जाळी पाठीच्या उघड्या भागावर लावतात. चार हातांवरून ती दिसत नाही, पण दोन्ही बाजूंना एकमेकींकडे ओढून धरते. पाठ उघडी दिसते, असत नाही. रंग आपल्या पाठीवर धरून, दिवसाच्या उजेडात निवडायचा. ट्यूबलाइटखाली निवडलेली जाळी लॉनवर हमखास गुलाबी दिसते. भरलेल्या छातीच्या बाईला मी डोळे मिटून हाच उपाय सांगेन.

म्हापशाला मी जिच्याकडे शिवते ती बाई ट्रायलला लगेच आरशाकडे जाऊ देत नाही. “बाय, हात वयर कर पळोवया,” म्हणते. मग मोठ्यांच्या पाया पडतात तसं वाकायला लावते, मग बुटक्या स्टुलावर बसवते, मग दोन पावलं नाचायला सांगते. प्रत्येक वेळी कपडा कुठे सरकला तिथे खडूची रेघ ओढते. वधू-वरांच्या मार्चनंतर बँड जाइव्ह वाजवू लागला की हात वर जाणारच, आणि उभं राहून सुंदर दिसणाऱ्या कपड्याची खरी परीक्षा तिथेच होते. तुमचा टेलर हे करत नसेल तर तुम्हीच करा, कोण बघतंय याची पर्वा न करता.

तयार कपडा असेल तर

शिवून घ्यायला वेळ नाही किंवा ड्रेस तयार आणलाय, तर मधला उपाय म्हणजे खाली ओढणारा पट्टा. हा इलॅस्टिकचा पट्टा नेहमीच्या ब्राच्या मागच्या हुकांत अडकतो, पाठीवरून खाली येऊन कंबरेभोवती फिरतो आणि पुढे बंद होतो. ब्राची पाठ चार-पाच इंच खाली उतरते. कडं शाबूत राहतं, म्हणून आधारही बराचसा राहतो. अडचण इतकीच की मागची बाजू खाली गेल्यामुळे कप थोडे कलतात, आणि कंबरेला अगदी बसता ड्रेस असेल तर पट्ट्याची रेघ उमटते. घेरदार किंवा कंबरेला चुण्या असलेल्या ड्रेसला हा उत्तम. मधे खोल यू आकार असलेल्या ब्रासोबत तो आणखी चांगला चालतो.

मानेमागे बांधायच्या हॉल्टर ड्रेसमध्ये सगळं वजन मानेवर येतं. छाती लहान असेल तर कळतही नाही. मोठी असेल तर तासाभरात मान भरून येते, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. त्यात कंबरपट्टा शिवून घेतला तर मानेवरचा भार हलका होतो.

आणि ज्यांची छाती लहान आहे त्यांना मी सांगते, एवढा घोळ घालू नका. पुढे दुहेरी अस्तर आणि फार तर निपल कव्हर एवढ्याने काम होतं. काहीच न घालणं हाही उपाय आहे. लोकांना वाटतं तेवढं लोक बघत नसतात.

आता गोंदाकडे

चिकटणारे कप दोन प्रकारचे. एक पूर्ण सिलिकॉनचे, दुसरे वरून कापड आणि आतून चिकट थर असलेले. सिलिकॉनचे दिसायला गुळगुळीत, पण जड असतात, आणि त्यातून हवा जात नाही. आत घाम साचला की गोंद आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा थर तयार होतो आणि कप निसटतो. कापडाचे हलके, म्हणून आपल्या हवेत थोडे बरे. दोन्ही प्रकार जवळ आणतात, आकार देतात, पण उचलत फार थोडं. मोठ्या छातीला त्यांनी आधार मिळेल ही अपेक्षा सोडून द्या, कारण ते ज्या कातडीला चिकटलेत तीच खाली येत असते. किनाऱ्यावरच्या पार्टीला जाणार असाल आणि पाण्यात उतरायचा विचार असेल, तर तो विचार आणि हे कप यातलं एकच निवडा.

लावायची पद्धत सगळ्या पाकिटांवर असते आणि कुणी वाचत नाही. कातडी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची. तेल, लोशन, सनस्क्रीन, पावडर, अत्तर काही नको. वॅक्स त्याच दिवशी नको, एक-दोन दिवस आधी उरकायचं. पंख्याखाली किंवा एसीत घाम सुकवून मगच लावायचे. पुढे थोडं वाकून एका वेळी एक कप, खालून वर लावायचा, कडा अर्धा मिनिट दाबून धरायच्या आणि शेवटी मधली कडी जोडायची.

छातीला चिकटवायची टेप मात्र खरंच उचलते. ही टेप खेळाडूंच्या अंगावर दिसणाऱ्या रंगीत पट्ट्यांसारखीच असते. सुती, ताणणारी, मागे ॲक्रिलिकचा गोंद. लहान छातीला दोन इंची पुरते, मोठीला तीन-चार इंची घ्यावी. निपलवर आधी कव्हर किंवा कापसाची चकती, त्याशिवाय टेप लावायचीच नाही. पट्टीची टोकं कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरे कपड्याला घासून उचकटतात. सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही टोकांचा इंच-दीड इंच अजिबात न ताणता चिकटवायचा, ताण फक्त मधल्या भागाला. टोकाशी ताण राहिला की तिथली कातडी सतत ओढली जाते आणि फोड येतात. पार्टीनंतर दिसणारे ते लाल चट्टे बहुतेक यामुळेच. एका हाताने स्तन हवा तिथे उचलून धरायचा आणि पट्टी खालून वर, खांद्याच्या दिशेने न्यायची. बाजूच्या पट्ट्या कपड्याच्या कडेपर्यंतच. एकटीने जमत नाही. बहीण, वहिनी, कोणीतरी लागतंच.

आधी तपासणी करा. टेपचा छोटा तुकडा पोटाच्या बाजूला लावून दिवसभर ठेवा, आणि काढल्यावर आणखी एक दिवस लक्ष ठेवा, कारण गोंदाची ॲलर्जी कधी कधी उशिरा उठते. उन्हाने भाजलेल्या, सोलवटलेल्या किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्या कातडीला टेप नको, आणि बाळ अंगावर पीत असेल तर तर नकोच. पार्सलची किंवा घरातली दुसरी कुठलीही चिकटपट्टी वापरायची नाही, कितीही व्हिडिओ बघितले असले तरी. सहा-सात तासांच्या वर ठेवू नका. खाज सुटली किंवा जळजळ झाली तर केक कापायची वाट न बघता बाथरूम गाठा.

खालच्या कपड्याचं थोडक्यात. पाठ कंबरेपर्यंत उघडी असेल तर निकर कमी उंचीची, शिवण नसलेली घ्या, आणि पांढऱ्या ड्रेसखाली पांढरी नको, कातडीच्या रंगाची हवी. पांढऱ्याखाली पांढरं जास्त उठून दिसतं.

विधी देवळात असेल तर ब्लाऊजच्याच कापडाची ओढणी किंवा छोटी शाल जवळ ठेवा. बऱ्याच देवस्थानांत उघड्या पाठीने आत सोडत नाहीत, आणि दारात वाद घालण्यापेक्षा पदर पाठीवरून घेणं सोपं जातं. चर्चमध्येही तेच. टेलरकडे काढता येणारी केप शिवून मागितली तर नवरीचं दोन्हीकडे भागतं.

रात्री घरी आल्यावर टेप ओढून काढू नका. कडेवर खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटं थांबा, मग कातडी एका हाताने दाबून धरत पट्टी अंगालगत हळूहळू मागे गुंडाळत आणा. तेलाने गोंद सुटतो. सिलिकॉनचे कप मात्र तेलापासून लांब ठेवायचे. ते कोमट पाण्यात सौम्य साबणाने बोटांनी धुवायचे, टॉवेलने पुसायचे नाहीत, धागे चिकटून गोंद मरतो. चिकट बाजू वर करून वाळवा आणि ज्या पातळ प्लास्टिकवर ते आले होते ते परत लावून ठेवा. ते प्लास्टिक पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं, तेवढं सांभाळा. ब्लाऊजमधले फोमचे पॅड पावसाळ्याआधी टाके उसवून काढून घ्या. जूनमध्ये कपाटात बंद राहिलेला फोम गणपतीपर्यंत पिवळा पडतो आणि त्याचा वास साडीला लागतो.